भावोजींच्या जीपची पुढची चाकं

पोलिसांनी भावोजींची जीप सोडली तेव्हा उन्हाळा लागला होता. डिचोलीच्या आमच्या गॅरेजात ती ओढून आणली. ताईचे यजमान दसऱ्याला लाटंबार्सेच्या वळणावर ह्याच गाडीसकट खाली कोसळले आणि जागीच गेले. सणाचा दिवस, म्हणजे प्यायलाच असणार, असं गावानं ठरवून टाकलं. मेलेला माणूस उलट बोलत नाही, त्यामुळे लोकांचं फावतं. आमचे बाबाही सुतकात येईल त्याला तेच सांगत होते. ताई माहेरी आली ती नवऱ्यावर रागावूनच. त्याचा फोटोसुद्धा तिनं भिंतीवर लावू दिला नाही.

गाडी भंगारात जायच्या आधी पुढचे ड्राइव्ह शाफ्ट काढून घ्यायचे होते. बाबा म्हणाले, "तू उजवी बाजू काढ. डावी मी बघतलंय." गुडघे धरल्यापासून बाबा गाडीखाली बसलेले मला आठवत नव्हते.

उजवीकडे मी चाक उतरवलं, हबचा नट काढला, ब्रेकचा कॅलिपर तारेनं वर बांधला. मग खालचा बॉल जॉइंट. चाकाला खालच्या आर्मशी धरून ठेवतो तो हाच. त्याचा नट आपोआप फिरू नये म्हणून त्यातून एक पिन आरपार घालून वाकवतात. पिन काढली, नट काढला, तरी जॉइंट सुटेना. हातोडा घालून घालून हात भरून आले, तेव्हा कुठे शाफ्ट बाहेर आला.

बाबा जेवायला गेले होते, म्हणून डावीकडे मीच बसलो. तिथला जॉइंट आधीच सुटून लोंबत होता. नट नाही, पिन नाही. आपटून तुटला असता तर आटे सोलले असते. ते अख्खे होते, आणि पिनच्या भोकाला साधा ओरखडाही नव्हता. जॉइंट नवा होता. अपघाताच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी झेंडू आणायला बाजारात गेलो असताना बाबांनीच तो बसवला होता.

मागे बाबा उभे होते. ते तिथेच टायरवर बसले.

"पिन रवली ती याद इली तेव्हा पूजा झालेली रे. पक्कड फुलांखाली होती. म्हटलंय, दसरो झाल्यार पिन घालूया."

हळदकुंकू वाहिलेल्या हत्याराला दुसऱ्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्या गॅरेजचा नेम. भावोजींना सकाळी मयेहून आपल्या आईला आणायचं होतं, म्हणून ते रात्रीच जीप घरी घेऊन गेले होते.

"तिका सांगू नको," बाबा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. एवढ्यात ताई चहा घेऊन आली. मी जॉइंट तिच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं.

"म्हणजे तो पिलेलो नाय?"

"नाय, बाय," बाबा म्हणाले.

"मगे तुमी तसां कित्याक सांगलात?"

ताईनं जॉइंट खाली ठेवला नाही.

"मी तेच्यासाठी अजून रडूक नाय, बाबा."