मिस्रीचा अंगठा

तंबाखूची मिस्री भाजल्याचा वास आला की मी अजून ओठ घट्ट मिटते. बीदरहून पाहुणे मला बघायला आले होते. आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, त्यामुळं गावात सगळ्यांच्याच दातांवर तपकिरी पट्टे. थोरल्या बहिणीनं, अक्कानं, विटकरीच्या भुकटीनं माझ्या हिरड्या सोलवटेपर्यंत दात घासले आणि बजावलं, "हसू नको." मी ओठ मिटून बसले. मुलाची आत्या पुढं सरकली. "कामून तोंड मिटून बसलीस गं?" म्हणत तिनं मिस्रीनं काळा झालेला अंगठा माझ्या तोंडात घातला आणि बाजारात बैलाचे दात बघतात तसा ओठ वर केला. "बोअरचंच पाणी हाय," तिनं मागं वळून सांगितलं आणि अंगठा माझ्याच पदराला पुसला. पुढं मी दातांवर कॅप बसवल्या. डाग झाकले, पण रोज पेस्ट तोंडात घेतली की आधी तो अंगठाच लागतो.