नवरदेवाच्या गाडीचा रेडिएटर
जुनी मोटार तापायची म्हणून मी तिला टेम्पोचा मोठा रेडिएटर बसवायला घेतला. तो आत मावेना, तेव्हा पुढची जाळी काढून लोखंडी पट्ट्यांवर, पंख्यापासून हातभर लांब बसवला आणि वर आपल्याच अकलेचं कौतुक केलं. गंजक्या, गरम पाण्याचा वास आला की अजून ती दुपार आठवते. मेहुण्याचं लग्न होतं. नवरदेव माझ्या शेजारी, बायको करवली म्हणून मागं, मांडीवर पाण्याचा करा घेऊन. रहाटणीपासून महाळुंग्यापर्यंत समोरच्या वाऱ्यानं इंजिन गार राहिलं आणि माझी मान ताठ. पण वेशीवर बँड पुढं झाला, गाडी पावलापावलानं चालू लागली, आणि लांबचा पंखा रेडिएटरमधून वारा ओढेना. काटा वर चढू लागला. नव्या सोयऱ्यांच्या दारात गाडी बंद पडली असती तर सासऱ्यांची पुरती शोभा! माझी नजर मागच्या कऱ्याकडं गेली, तशी बायकोनं तो पदराखाली घेतला. "ह्यातलं पाणी मागायचं न्हाई, सांगून ठेवते!" नवरदेव कुरकुरला, "दाजी, चालत नेताय का मला मांडवात?" वारा हवा तर वेग हवा. मी हॉर्न दाबला, बँडवाले बाजूला झाले आणि ढोल, क्लॅरिनेट, वऱ्हाड सगळं आमच्या मागं धावत सुटलं. मांडवाच्या दारात ओवाळायलासुद्धा कुणी आलेलं नव्हतं. आजही मी त्याला प्रसंगावधानच म्हणतो, बायको मात्र त्या संध्याकाळी म्हणाली, "आपल्या लग्नात माणसं हातात अक्षता घेऊन ताटकळली हुती, तवा कुठं गेलती ही घाई?"