पाठीवर लिहिलेलं नाव

कोरोनाच्या त्या उन्हाळ्यात मी दत्ताशी अबोला धरला होता. इकडे उत्तरेत, मयूर विहारच्या आमच्या फ्लॅटमध्ये माहेरून आणलेली त्याची तसबीर आहे. तिच्यापुढे दिवा लावणंही मी सोडून दिलं होतं. मी नर्स. वॉर्डात माणसं डोळ्यांदेखत जात होती, किट घातलं की घोटभर पाणी पिता येत नव्हतं, आणि एकेकीच्या गळ्यात रुग्णांनी भरलेला अख्खा हॉल. कसला दत्त न् कसलं काय, असं मी नवऱ्याला सरळ तोंडावर म्हणायची.

किटमध्ये कोण कोणाला ओळखणार? म्हणून आम्ही एकमेकींच्या पाठीवर मार्करने नाव लिहायचो. त्या सकाळी माझी केरळची मैत्रीण मार्कर घेऊन उभी राहिली आणि माझं डोकंच फिरलं. म्हटलं, “मेरा नाम मत लिख. दत्त लिख. आज ड्युटी वही करेगा, मुझसे अब नहीं होता.” ती हसली आणि तिने खरंच मोठ्ठ्या अक्षरांत तसं लिहून टाकलं. वॉर्डात शिरल्यावर मी ते विसरूनही गेले.

खिडकीजवळच्या खाटेवर फरीदाबादच्या कारखान्यातला एक फिटर होता, रमेश. जीव घाबरा झाला की ऑक्सिजनचा मास्क ओढून काढायचा. आज याने मास्क ठेवला नाही तर व्हेंटिलेटर लागेल, आणि तो तर एकही रिकामा नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते. मी हिंदीतून समजावलं, रागावले, हात जोडले. छे! “दम घुटता है, सिस्टर,” म्हणत त्याने पुन्हा मास्क काढला. मशीनवरचा आकडा घसरू लागला. मी मास्क परत बसवला, तेवढ्यात पलीकडच्या खाटेचा अलार्म वाजला. हा माणूस काही आता वाचत नाही, असं मनात म्हणतच मी तिकडे वळले.

तोच मागून आवाज आला, “महाराज, पाठ फिरवू नका हो!”

मराठीत! मी गर्रकन वळले. माझ्या पाठीवरचं नाव वाचून तो हात जोडून रडत होता. अगं बाई! इतके दिवस आम्ही दोघं एकमेकांशी हिंदीत बोलत होतो. घराबाहेर पाऊल टाकलं की जीभ आपोआप हिंदीवर जाते, इथल्या आम्हा सगळ्या मराठी माणसांचंच तसं. तो परभणीकडचा, मी अमरावतीची, आणि कोणी कोणाला विचारलंच नव्हतं.

अलार्मकडे मैत्रीण धावली. मी त्याचा हात धरला. “दादा, मी कुठ्ठे जात नाही. फक्त मास्क काढायचा नाही. पालथे व्हा बघू.”

“बरं, ताई,” तो म्हणाला आणि निमूटपणे पालथा झाला. मग जाता-येता मी त्याच्याशी मराठीतच बोलत राहिले, परभणीचं ऊन, शेंगदाण्याची चटणी, काय वाट्टेल ते. दुपार कलली तेव्हा आकडा वर चढला होता आणि मास्क जागेवर होता. सुटल्यासारखं वाटून मी चष्म्याआड भरपूर रडले. पुढे तो आपल्या पायांनी घरी गेला.

हा योगायोग की आणखी काही, मला ठरवायचं नाही. रागाच्या भरात मी जे ओझं दत्तावर ढकललं, ते त्याने मुकाट उचललं, एवढं मला कळतं. संध्याकाळी घरी येऊन तसबिरीवरची धूळ पुसली, दिवा लावला. किती दिवसांनी छातीवरचं दडपण उतरलं होतं.

दुसऱ्या सकाळी मैत्रिणीने मार्कर उघडत विचारलं, “आज किसका नाम?”

“मेरा ही लिख दे,” मी म्हणाले. “वो तो ड्युटी पर है ही.”