काकाजींचे दोन प्रोसेसर

काकाजी माणसांचे दोनच प्रकार मानायचे: वर्कस्टेशन आणि सर्व्हर. समोरचा माणूस एका वेळी एकच काम झटपट उरकणारा आहे की दहा कामं एकत्र, सावकाश पण न थांबता ओढणारा, एवढं बघितलं की त्यांचा निकाल लागायचा. बँकेतला कॅशिअर वर्कस्टेशन. बसस्टँडवरची चहावाली सर्व्हर. मला त्यांनी वर्कस्टेशनमध्ये टाकलं होतं. "हिले एक काम द्या, तुम्ही बसाच्या आंधी करून देते. मधात दुसरं सांगतलं का भांडते," असं ते गिऱ्हाइकासमोर खुशाल सांगायचे. मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

भंडाऱ्याला बसस्टँडमागच्या गल्लीत आमची दुकानं एकाला एक लागून होती. काकाजी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करत आणि मी मिक्सिंग, म्हणजे शूट केलेलं कापून, जोडून, गाणी लावून देण्याचं काम. पुढे मधली भिंत पाडली आणि भागीदारी केली. ते माझ्या वडिलांच्या वयाचे. ते मला बाई म्हणत, मी त्यांना काकाजी. गेल्या हिवाळ्यात ते गेले. तेव्हापासून त्यांच्याबद्दल लिहायचं मनात होतं, पण दोन ओळी झाल्या की डोळे भरायचे आणि मी उठून दुकान झाडत बसायची.

काकाजींबद्दल सांगायचं तर काकींपासून सुरुवात करावी लागते. जुन्या काळी कॅमेऱ्यापेक्षा लाइट मोठा असायचा. लांब वायर, टोकाला तापलेला हॅलोजन, आणि तो हातात धरून कॅमेऱ्यामागे उभं राहणारा माणूस. बाकीचे शूटिंगवाले त्यासाठी एखादा पोऱ्या ठेवत. काकाजींचा लाइट काकी धरायच्या. जवाहरनगरच्या क्वार्टरांतली लग्नं असोत, वरठीची असोत की पवनीकडच्या खेड्यांतली, दोघं एका स्कूटरवर जायची. पुढे कॅमेऱ्याची पेटी, मागे काकींच्या मांडीवर वायरचं भेंडोळं. आमच्याकडे बौद्ध लग्नात नवरी पांढऱ्या साडीत असते. पांढऱ्यावर लाइट थेट मारला की कॅमेरा बावचळतो आणि चेहरा काळा पडतो. काकी लाइट वर मांडवाच्या कापडावर मारायच्या आणि तिथून तो हलका होऊन नवरीच्या तोंडावर उतरायचा. "माह्या कॅमेऱ्याचा अर्धा मालक तिकडं उभा हाय," असं काकाजी वऱ्हाड्यांना सांगत.

लाइट धरणारं माणूस कधी चित्रात येत नाही. आलंच तर ती चूक, आणि आमच्या धंद्यात ती कापून टाकतात. काकी इतक्या नीट उभ्या राहायच्या की त्यांची सावलीसुद्धा कुठे पडायची नाही. हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. त्या गेल्या तेव्हा आलं.

काविळीनं गेल्या. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो हवा होता आणि घरात धड फोटोच सापडेना. शेवटी आधार कार्डावरचा मी मोठा करून, साफ करून, फ्रेममध्ये घालून दिला. काकाजी त्या फ्रेमपुढे बराच वेळ उभे राहिले आणि मला हळूच म्हणाले, "हे कोन बाई हाय?" खरंच, त्या फोटोत काकी नव्हत्याच. ओठ मिटलेली, कुणीतरी दटावून बसवलेली म्हातारी होती. काकी सतत बोलणाऱ्या, पदरानं तोंड पुसत हसणाऱ्या होत्या. ज्या माणसानं अर्ध्या जिल्ह्याच्या सुना-मुली कॅमेऱ्यात धरून ठेवल्या, त्याच्याकडे स्वतःच्या बायकोचं एक हसणं नव्हतं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आठवडाभरानं ते दुकानात आले आणि कपाट उघडून उभे राहिले. गिऱ्हाइकाला कापलेली कॅसेट द्यायची आणि मूळ स्वतःकडे ठेवायची, ही त्यांची पद्धत होती. आढ्यापर्यंत मूळ कॅसेटी रचलेल्या होत्या. "बाई, यांत कुठी तं आली असन ती," ते म्हणाले. "एखाद्या बारीनं तरी चुकली असन." त्यानंतर त्यांचं जगणं त्या एका गोष्टीवर उभं राहिलं. काकींना एकदा बोलताना, हलताना बघायचं.

कॅसेटी वाजवून कॉम्प्युटरमध्ये उतरवायला महिने गेले, कारण कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ खाते. मग प्रश्न आला तो बघण्याचा. एवढं सगळं माणसानं बसून बघणं शक्य नव्हतं. एका फोटोवरून तसे चेहरे शोधणारं सॉफ्टवेअर मला मिळालं, पण आमचं जुनं मशीन त्यापुढे मान टाकायचं. नवं घ्यायचं ठरलं आणि तिथे आमचं वाजलं.

मला वर्कस्टेशनचा प्रोसेसर हवा होता. त्यात कोर, म्हणजे काम करणारे हात, मोजके असतात, पण एकेक हात चपळ. मिक्सिंगला तेच लागतं. इकडे कापलं की तिकडे लगेच दिसायला पाहिजे, नाही तर हात थांबतो आणि डोकं फिरतं. काकाजी मात्र नागपूरच्या एका दुकानातून ऐकून आले होते की कंपन्यांनी काढून टाकलेली सर्व्हरची मशिनं साफसूफ करून विकायला आली आहेत. सर्व्हरच्या प्रोसेसरात कोर ढीगभर, पण एकेकाचा वेग बेताचा. तो शेकडो जणांची कामं रात्रंदिवस ओढण्यासाठी बनवलेला असतो. मी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं आणि म्हटलं, "आपल्याले शंभर माणसं कुठी आहेत, काकाजी? मी एकटी बसते न."

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "धानाच्या रोवन्याले चिखलाच्या बांधीत वीस बाया उतरतात का नाही? तिथं एक चपळ बाई कामाची नाही. आन् झंपर शिवाले वीस बाया बसवल्या तं कापडाच्या चिंध्या होतील. तुझं काम झंपराचं हाय. माहं रोवन्याचं." एवढ्या कॅसेटी एकेक करून नव्हे, एकदम बघायच्या होत्या, आणि ते रोवण्याचंच काम होतं. सर्व्हर आला. त्याचे पंखे धानाच्या गिरणीसारखे घोंगावायचे, म्हणून त्याला मागच्या खोलीत बसवला.

एक मशीन आलं तर दोन्ही कामं त्यावरच करू, असं आम्हाला वाटलं आणि भर सीझनमध्ये तोंडावर आपटलो. वरठीची एक पार्टी बाकावर वाट बघत बसली आणि माझा कर्सर जागचा हलेना. कुठला कोर किती काम करतोय त्याचे आकडे लावून बघितलं तर दोन-चार कोर घाम गाळत होते आणि बाकीचे सगळे रिकामे. काकाजींनी वाकून बघितलं. "ह्या बाकीच्या बाया बांधावर बसून राहिल्या," ते म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी माझ्यासाठी वर्कस्टेशनचं मशीन सांगून आले. तेव्हापासून माणसांची ती वाटणी त्यांच्या तोंडात बसली.

सर्व्हर रात्रभर कॅसेटी चाळायचा आणि सकाळी काकींशी जुळणारे काही चेहरे काढून ठेवायचा. काकाजी चहा घेऊन बसत आणि एकेक बघत. नवरीची मावशी. कुणाची तरी आजी. एकदा काकींची सख्खी बहीण निघाली आणि काकाजी खुर्चीतून अर्धे उठले होते. मग खाली बसले आणि चहा पिऊन टाकला. रोज "नाही" म्हणत आणि रोज येत.

याच दिवसांत शुगरनं त्यांचे डोळे धरले. पडद्याचा मधला भाग चाललाय, कडा तेवढ्या राहतील, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. इंजेक्शनं झाली, फरक पडला नाही. समोर बघितलं की त्यांना समोरचंच दिसेना. मान वळवली की कडेनं थोडं दिसायचं. आता कॅसेटी संपतात आधी की नजर, अशी गत झाली. मी दुकानात भल्यावाईट शब्दांत मशिनीवर खेकसायला लागले. ते बिचारं आपलं काम इमानानं करत होतं.

दुकानात येणारे लोक त्यांना समजवायचे. एक ओळखीचे गुरुजी म्हणाले, "काकाजी, प्रत्येक कॅसेटमधला उजेड म्हणजे काकीच आहेत. वेगळं काय शोधता?" काकाजी कधी कुणावर चिडत नसत, त्या दिवशी चिडले. "उजेड म्हनजे बाई नाही, गुरुजी. मले तोंड पाहाचं हाय." मलाही ते गोड बोलणं तेव्हा टोचलं होतं, म्हणून काकाजींचं बोलणं ऐकून बरं वाटलं.

एका दुपारी गल्लीतली वीज गेली. मी वैतागून उठले, पण काकाजी तसेच बसून राहिले. मग म्हणाले, "बाई, लाइन गेली का ती मोकळी होत होती न."

मला आधी कळलं नाही. त्यांनी सांगितलं. लग्नात लाइन गेली की हॅलोजन बंद. मग काकी लाइट खाली ठेवायच्या, हातपाय मोकळे करायच्या, बायकांत जाऊन बसायच्या. कॅमेरा बॅटरीवर चालायचा. कधी घाईत तो चालूच राहायचा. पुढे मिक्सिंगला बसलं की पहिल्यांदा काय कापायचं? काळा भाग. धंद्याची सवय. मी सर्व्हरलाही पहिल्या दिवसापासून तेच सांगून ठेवलं होतं की काळा भाग सोड, त्यात वेळ घालवू नको. काकाजींच्या समोरच सांगितलं होतं आणि त्यांनीही मान डोलावली होती. जिथे लाइट होता तिथे काकी असणंच शक्य नव्हतं, आणि आम्ही दोघं महिनोन् महिने उजेडातच शोधत बसलो होतो. सवय नडली. नजर असताना हे सुचलं असतं तर, हा विचार आजही मनातून जात नाही.

मग मी काम उलटं लावलं. फक्त काळा भाग काढ, आणि त्यातला आवाज असलेला ठेव. हे सर्व्हरच्या हातचं काम होतं. सगळे कोर बांधीत उतरले आणि बघता बघता काळोखाचे तुकडे बाजूला पडले. ते तुकडे मी माझ्या वर्कस्टेशनवर घेतले. काळोखातून चेहरा वर काढणं एकट्याचं काम. एक फ्रेम उजळायची, बघायची, परत थोडी कमी करायची. ढीगभर कोर तिथे काही कामाचे नव्हते.

काकी सापडल्या वैनगंगेकाठच्या एका गावात. ते गाव आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. लग्नात लाइन गेलेली, कॅमेरा खुर्चीवर तसाच ठेवलेला, तिरपा. लांब एक गॅसबत्ती. पंगत बसलेली आणि पंगतीच्या टोकाला पत्रावळीपुढे तरुण काकी. पदर खांद्यावरून घेतलेला, हातात घास. काही सेकंदांचा तुकडा. मी तो बघितला आणि तिथल्या तिथे रडले, मग तोंड धुऊन काकाजींना बोलावणं पाठवलं.

ते आले, खुर्ची जवळ ओढली आणि स्क्रीनकडून मान वळवून भिंतीकडे तोंड केलं. कुणाला वाटलं असतं की बघायला नकार देतायत. डोळ्याच्या कडेनं ते काकींना बघत होते. मी तुकडा लावला. दाणेदार अंधारातून काकींचा आवाज आला, "जेवून घ्या न तुम्ही बी. आता काही लाइन येत नाही."

काकाजींनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "तिचाच हाय," ते म्हणाले. "परत लाव." मी परत लावला. त्यांनी मान थोडी इकडे केली, थोडी तिकडे केली. "पदर दिसते. हात दिसते," ते म्हणाले. "तोंड नाही दिसून राहिलं, बाई." मी चेहरा स्क्रीनभर मोठा केला. तरी नाही. मग ते म्हणाले, "तू सांग. कशी हाय?"

मी जे दिसलं ते सांगितलं. थकल्यासारख्या दिसतात. कपाळावर घाम आहे. पण हसून राहिल्या, काकाजी, डोळ्यातून हसून राहिल्या.

"कोनाकडे पाहून?"

काकी कॅमेऱ्याकडे बघत नव्हत्या. खोटं बोलायचं माझ्या जिभेवर आलं होतं. त्याऐवजी विचारलं, "त्या टायमाले तुम्ही कुठी होते?"

त्यांनी डोळे मिटले. "खुर्चीच्या डाव्या अंगाले. वायर गुंडाळून राहिलो होतो."

काकींची नजर कॅमेऱ्याच्या डावीकडे होती, जरा वर, उभ्या माणसाच्या तोंडाला पोचेल अशी. मी तसं सांगितलं. काकाजी भिंतीकडे तोंड करून नुसते बसले आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत राहिलं. ते त्यांनी पुसलं नाही. मी तुकडा पुन्हा पुन्हा लावत राहिले, कारण थांबवायचं धाडस मला होत नव्हतं. शेवटी त्यांनीच हात वर केला.

"बंद कर आता, बाई," ते म्हणाले. "तिले जेवू दे."