ओटा पाडायची इजाजत: सेलू ते परभणी

सेलूच्या जुन्या पेठेत घराच्या आत काहीही करा, कुणी विचारत नाही. चूल हलवा, मधली भिंत पाडा, न्हाणीत देवघर करा. पण रस्त्याकडचा ओटा, खांब किंवा दरवाजा बोटभर सरकवायचा म्हटलं की परभणीच्या कचेरीची इजाजत लागते. जुन्या पेठेतली घरं रस्त्यावरून एका रेषेत दिसली पाहिजेत, असा हुकूम आहे. मला घरापुढचा ओटा पाडून तिथं सरळ भिंत घालायची होती, म्हणून परभणी गाठावी लागली. असल्या कामासाठी कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल, म्हणून हे लिहितोय.

ओटा का पाडायचा, ते आधी सांगतो. आमची मंडळी पौषात गेली. ती होती तोवर बाजाराच्या दिवशी त्या ओट्यावर बूड टेकायला जागा नसायची. खेड्यांतून आलेल्या बाया टोपल्या उतरवून बसायच्या, ही त्यांना माठातलं पाणी द्यायची. पाण्यात वाळा घालायची. संध्याकाळी समोरचे रहीमचाचा शिंपी आणि शेजारचे मन्मथअप्पा वाणी तिथंच गप्पा मारत बसायचे. ती गेली आणि ओटा ओस पडला. चार महिन्यांत चिटपाखरू फिरकलं नाही. माणसं हिच्यासाठी यायची, माझ्यासाठी नाही, हे रोज दारात बसून बघावं लागत होतं. ते बघवेना, एवढंच कारण.

महिन्यापूर्वी अर्ज पाठवला. मग कचेरीचा शिपाई येऊन ओट्याच्या खांबाला एक उर्दू कागद चिकटवून गेला; कचेरीचा कारभार सगळा उर्दूतच. मला बाळबोध येते, मोडी येते, उर्दूच्या बाबतीत मात्र आनंदीआनंद. मी समजलो, अर्ज पोचल्याची पावती असेल. वाऱ्यानं फाटू नये म्हणून मी कडांना आणखी खळ लावली. काय हा शहाणपणा! पुढं कळेल.

वैशाखात सकाळची गाडी धरावी आणि उजव्या हाताला बसावं, कारण डावीकडून ऊन भाजून काढतं. पाणी घरून न्यावं. मी फक्त फुटाणे नेले होते. ही असती तर दशम्या बांधून दिल्या असत्या आणि वर लोणच्याची फोड. मानवत रोडला एक कुटुंब चढलं. त्यातल्या बाईनं भाकरीचं गाठोडं सोडलं, चतकोर माझ्यापुढं केली.

"घ्या की भाऊ. एकलेच निघाले का?"

"भूक न्हाई," मी म्हणालो. भूक होती, आणि चांगलीच होती. पण घेतली असती तर बोलावं लागलं असतं.

परभणीला टांगेवाले तोंड बघून भाव सांगतात, तेव्हा पायीच जावं. कचेरी फार लांब नाही. साहेबांपुढं कागद ठेवणाऱ्या पेशकारांनी अर्जावरचं नाव बघितलं आणि म्हणाले, "साहेब दौऱ्यावर हायत. उद्या या." धर्मशाळा बरी आहे, पण आड खोल, दोर आपला न्यावा. खानावळीत ज्वारीची भाकरी आणि आंबट वरण मिळालं. वाढप्यानं विचारलं, "किती पानं मांडू?" एकच, म्हणालो. अख्खी पंगत बसेल एवढी जागा मोकळी होती. तो माझं पान मांडून आत निघून गेला. एवढं साधं जेवण मला कधी इतकं लांबलचक वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पेशकारांनी फाईल उघडली.

"तुमच्या अर्जावर हरकत आलीय."

"हरकत? कुणाची?"

"तुमच्याच पेठेतल्या लोकांची. खांबाला नोटीस लावली होती ना? कुणाला हरकत असंल तर कळवा म्हणून?"

म्हणजे ज्या कागदाला मी मनोभावे खळ लावली, तो हा! डोक्यात तिडीक गेली. चार महिन्यांत ओट्यावर यायला वेळ नाही, आणि हरकत घ्यायला बरा मिळाला! हरकतीचा कागद मागून घेतला आणि बाहेर लिंबाखाली लोकांचे अर्ज लिहीत बसणाऱ्या म्हाताऱ्या अर्जनवीसापुढं टाकला. म्हटलं, वाचा, मला कळेल असं वाचा.

त्यांनी चष्मा सारखा केला आणि सावकाश मराठीत सांगू लागले.

"'ओटा अर्जदाराच्या मालकीचा हाय, त्याबद्दल आमची तक्रार न्हाई. त्याची बायको वारली, त्यानंतर आमी नेहमीसारखं ओट्यावर जाऊन बसलो. तवा अर्जदार म्हणाला, ती गेली, आता इथं काय ठेवलंय, उठा. आमी उठलो. तो दुःखात होता. आमी त्याचा राग उतरायची वाट बघायलोय. तवर इजाजत देऊ नये.' खाली दोन नावं हायत. रहीम शिंपी. मन्मथ वाणी."

मी म्हणालो होतो तसं. शब्द न शब्द. विसरलो होतो असं सांगितलं तर खोटं होईल. माझी चूक मी चार महिने त्यांच्या माथी मारून बसलो होतो.

अर्जनवीस कागदाची घडी घालत म्हणाले, "उतरला का?"

"काय?"

"राग."

डोळे भर उन्हात भरून आले, लाज वाटली. तसाच आत गेलो.

"सुनावणी लावायची का?" पेशकारांनी विचारलं.

"राहू द्या."

"राहू द्या म्हणजे?"

"म्हणजे अर्ज मागं घेतो."

परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात जुळवत होतो, हिला हे कसं सांगायचं. नोटिशीला खळ लावल्याचं ऐकून ती पोट धरून हसेल. मानवत रोड मागं पडल्यावर ध्यानात आलं की सांगायला घरी कुणी नाही. सेलूपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

तिसरा दिवस बाजाराचा. ओटा धुतला, माठ भरून ठेवला, आणि दाराच्या आत बसलो. तो कागद खांबावरून निघता निघेना, खळ फार चांगली लागली होती. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. रहीमचाचांनी मशीन थांबवून एकदा माठाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा पाय चालवायला लागले. जाऊन काही म्हणावं असं दहादा मनात आलं. पण मला उठवेना.

मग वालूरकडची एक बाई रस्त्यात थबकली. काखेत टोपली.

"लय दिसानं माठ दिसला. पानी मिळंल का?"

मी तांब्या भरून दिला. टोपली काखेतच धरून ती उभ्याउभ्या वरून पाणी प्याली. तोंड पुसून म्हणाली, "आज वाळा न्हाई घातला माईनं?"

"माई गेली," मी म्हणालो. "पौषात."

रागाशिवाय ही गोष्ट माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाली होती.

समोरचं मशीन थांबलं होतं. बाईनं टोपली ओट्यावर उतरवली, पदर सारखा केला.

"मग बसते जराशी," ती म्हणाली.