दोन नावांचा दावा

आमच्या झाशीत 'नकल' म्हटलं की आधी परीक्षा आठवते. शेजारच्याचं बघून लिहिणं म्हणजे नकल. मी बोर्डाची परीक्षा झाशीजवळच्या मोठ गावात दिली. तेव्हा बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान तिथे होतं, आणि मशीन घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "लड़की ने नकल नहीं की, और पास हो गई." मला लाज वाटायची, पण आत कुठेतरी बरंही वाटायचं. त्यामुळे मागच्या वर्षी मी आईला म्हटलं की उद्या मी शिकवते त्या शाळेतून सुट्टी घेऊन नकल काढायला कचेरीत जाते, तेव्हा तिने हातातलं लाटणं थांबवून विचारलं, "आता कसली परीक्षा राहिली आहे तुझी?"

ही नकल वेगळी होती. न्यायालयाच्या जुन्या निकालाची सही-शिक्क्याची प्रत, तिलाही इथे नकलच म्हणतात. ती मिळाली नसती तर आमच्या घराची वाट बंद होणार होती.

ओरछा गेटजवळ आमचं दोन खोल्यांचं घर आहे. रस्त्यापासून घरापर्यंत एक अरुंद बोळ येतो. मोठचं दुकान बंद करून आम्ही या घरात परत आलो तेव्हापासून बाबा घरीच मशिनी दुरुस्त करतात. मानिक चौकातले शिंपी आपली मशीन हातगाडीवर घालून याच बोळातून आणतात. दुसरी वाट नाही. बोळाच्या तोंडाशी असलेलं घर कापडाच्या एका व्यापाऱ्याने विकत घेतलं आणि एका सकाळी बोळात आडवी चुन्याची रेघ दिसली. रेघेच्या बाजूला विटा रचून ठेवल्या होत्या. माणूस जाईल एवढी जागा ते सोडणार होते. हातगाडी जाणार नव्हती.

व्यापारी उद्धट नव्हते. बाबांना खुर्ची देऊन म्हणाले, "बाबूजी, आप तो मोठ के हैं. यहाँ का हिसाब हम पुराने मालिक से समझ चुके हैं."

"मी इथलाच," बाबा चुकून मराठीत बोलले, मग हिंदीत म्हणाले, "यह मुक़दमा हम जीत चुके हैं. मेरे बचपन में."

"तो काग़ज़ ले आइए. देवउठनी तक मिस्त्री नहीं बुलाऊँगा. उसके बाद मत कहिएगा."

देवउठनी म्हणजे आपली कार्तिकी एकादशी. तोवर दाखवायला कागद आमच्याकडे नव्हता. होती ती बाबांची आठवण. निकालाच्या दिवशी गल्लीत पेढे वाटले होते आणि त्याच वर्षी त्यांचं नाव शाळेत घातलं होतं. घरात सगळे म्हणायचे, आजोबांनी कोर्टात दावा जिंकला. पुढे घरातल्या वाटणीच्या धावपळीत कागद कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबांच्या शाळेच्या दाखल्यावरून वर्ष कळलं, आणि मी निघाले.

कचेरीच्या आवारात वकिलांचे मुन्शी, म्हणजे कारकून, टेबलं मांडून बसतात. एकाने माझ्या हातातला अर्ज बघून विचारलं, "किसने लिखा?"

"मैंने."

"मास्टरनी जी, वकील कर लीजिए. जूते घिस जाएँगे."

"चप्पल है," मी म्हटलं. तो हसला आणि त्याने अभिलेखागाराचं दार दाखवलं.

जुन्या दाव्यांची कागदपत्रं तिथे कापडात बांधून ठेवतात. ठराविक वर्षांनंतर बाकीचे कागद नष्ट होतात, पण घर-जमिनीच्या दाव्यातला निकाल आणि हुकूमनामा जपून ठेवतात. तिथल्या बाबूजींनी मला हे समजावलं तेव्हा माझ्या जिवात जीव आला. शोधायचं वर्षावरून आणि दावा लावणाऱ्याच्या नावावरून. मी आजोबांचं नाव दिलं. बाबूजींनी त्या वर्षाची नोंदवही पाहिली, पुढच्या-मागच्या वर्षाचीही पाहिली. नाही. मग मला सुचलं की घर आजीच्या माहेरचं होतं, दावा कदाचित तिच्या नावावर असेल. तिचं नाव 'ल'वरून. दुसऱ्या खेपेला 'ल'खालची नावं पाहिली. नाही.

"बिटिया, मुक़दमा हुआ भी था?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, तरी तो प्रश्न मला फार लागला. बाबांच्या शब्दावर कोणी असा प्रश्न विचारलेला मी कधी ऐकला नव्हता.

घरी येऊन मी शाळेच्या वह्या तपासायला घेतल्या. त्याच आठवड्यात ग्वाल्हेरच्या एका मराठी घरात माझं लग्न ठरत होतं. संध्याकाळी तिकडून फोन आला. फोन ठेवून आई म्हणाली, "विचारत होते, तांदळात कोणतं नाव लिहायचं. लग्नात नाव बदलायचं तर आधी ठरलेलं बरं."

बाबा मशीनच्या पोटात पेचकस घालून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "पदवीवर आहे तेच नाव. आपल्या घराण्यात कॉलेजच्या कागदावर चढलेलं हे पहिलं नाव आहे. ते मी तांदळात पुसू देणार नाही."

"अहो, रीत आहे. माझं बदललं. सासूबाईंचं बदललं. काय बिघडलं आमचं?"

"आजीचं बदललं होतं?" मी विचारलं.

"म्हणजे काय? भाऊबिजेला त्यांचे भाऊ यायचे ते वेगळ्याच नावाने हाक मारायचे. मी नवी होते, मला वाटायचं कोणाला बोलावतायत."

बाबांनी पेचकस खाली ठेवला. हळूच म्हणाले, "घर तिला तिच्या वडिलांनी लग्न ठरल्यावर लिहून दिलं. लग्नाच्या आधी."

तेव्हा ती कुमारी होती. खरेदीखतावर, बक्षीसपत्रावर जे काही असेल त्यावर माहेरचंच नाव असणार. मी ज्या मुलींबरोबर वाढले त्या सगळ्या हिंदी बोलणाऱ्या घरांतल्या. त्यांच्यात लग्नात नाव बदलत नाहीत, म्हणून मला ते सुचलंच नाही. आपल्याच घरची रीत मी पाहुण्यासारखी विसरले होते.

"काय नाव होतं?" मी विचारलं.

आईने सांगितलं. ते 'य'वरून होतं.

सकाळी अभिलेखागाराचं दार उघडताच मी हजर होते. बाबूजींनी 'य' काढला, बोट खाली नेलं आणि थांबवलं. ओरछा गेट, रास्ता, वादी म्हणून आजीचं ते जुनं नाव. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"आपके यहाँ बहू का नाम ही बदल देते हैं?"

"हाँ जी."

"हमाए इतै तो मायके के गाँव से बुलाउत हैं. हमाई अम्मा ज़िंदगी भर समथरवाली रहीं. अपनो नाम उनने ख़ुद नईं लओ." माहेर समथरचं म्हणून त्यांची आई जन्मभर 'समथरवाली', स्वतःचं नाव तिने स्वतःही कधी घेतलं नाही. ते हसले आणि क्रमांक एका चिठ्ठीवर लिहून दिला. "अब नक़ल की दरख़्वास्त लगा दो."

अर्ज मी स्वतः लिहिला, कोर्ट फीची तिकिटं लावली, खिडकीवर दिला. दिलेल्या तारखेला नकल तयार नव्हती, पुढच्या खेपेला मिळाली. बाकावर बसून वाचायला घेतली. जुनी कचेरीची हिंदी, वाक्यं लांबच लांब. पण मी हिंदीत शिकले आहे, सावकाश वाचलं की सगळं कळतं.

आजोबांचं नाव त्यात फक्त 'पती' म्हणून होतं. दावा आजीने लावला होता. समोरच्याचं म्हणणं असं की कागदावर ज्या बाईचं घर आहे ती ही बाई नव्हेच, नावच वेगळं आहे. मग न्यायाधीशांनी आजीची साक्ष घेतली. तिने सांगितलं होतं की दोन्ही नावं माझीच आहेत, एका नावाने वडिलांनी घर दिलं, दुसऱ्या नावाने मी त्या घरात राहते. दक्षिणी, म्हणजे आपल्या मराठी लोकांत लग्नात मुलीचं नाव बदलतात हे न्यायालयाने मानलं, निकालात तिची दोन्ही नावं 'उर्फ' घालून एकत्र लिहिली आणि बोळ भरल्या हातगाडीसह येण्याजाण्याला कायम खुला ठेवण्याचा हुकूम दिला.

मी आजीला अंगठा उठवतानाच पाहिलं होतं. ती भर न्यायालयात उभी राहून वकिलाला उत्तर देते आहे, हे चित्र मला बाकावरून उठू देईना. आम्ही वर्षानुवर्षं म्हणत आलो की आजोबा जिंकले. ती हयात असताना तिच्यासमोरही तेच म्हणणं चालायचं. तिने ते कधी दुरुस्त केलं नाही.

नकल घेऊन बाबा आणि मी व्यापाऱ्यांकडे गेलो. त्यांनी ती वाचली, वकिलाला दाखवायला एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी देवउठनीचा बाजार भरला होता, दारोदारी ऊस उभे होते. ते स्वतः बोळात आले. "वकील साहब कहते हैं, मकान बिका है, रास्ता नहीं बिका," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "ये आपकी दादी थीं?"

"मेरी माँ," बाबा म्हणाले. त्यांनी पाठ इतकी ताठ केली होती की मला त्यांचा शर्ट मागून आखूड झालेला दिसला.

विटा दुपारपर्यंत हलल्या. चुन्याची रेघ आईने बादलीभर पाणी टाकून खराट्याने घासली. ग्वाल्हेरला बाबांनीच फोन केला. सांगितलं की नाव बदलायचं नाही, आमच्या घरी दोन नावांचा एक दावा होऊन गेला आहे, पुरे. पलीकडचे हसले असावेत, कारण बाबाही हसले. तांदळात माझं आहे तेच नाव लिहिलं गेलं.

नकलेच्या मागे अर्जदार म्हणून तेच नाव आहे. मूळ प्रत कपाटात आहे, तिची झेरॉक्स बाबांनी मशिनींच्या शेजारी भिंतीला लावली आहे. माहेरी गेले की मला ते बाहेरूनच ऐकू येतात. कोणीतरी शिंपी हातगाडी आणून उभा असतो, घाईत असतो, आणि बाबा भिंतीकडे पेचकस करून सांगत असतात, "लड़की नकल ले आई."