विहिरीतला डोंगर

सोलापूरच्या माणसाला डोंगर भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात. आमच्याकडे पुलाचा चढ आला तरी सायकलवाला खाली उतरतो. अशा गावात राहून मला डोंगर चढायच्या शर्यतीत पळायचं होतं. साताऱ्याकडे एका लग्नाला गेलो असताना ती पाहिली होती. पायथ्यापासून पळत सुटायचं, माथ्यावरच्या देवळाच्या पायरीला हात लावायचा आणि पळतच खाली यायचं. शाळेत मी बरा पळायचो. पुढे एस.टी.त कंडक्टर झालो, लग्न झालं, मुलगी झाली, आणि सत्ताविसाव्या वर्षी हे खूळ डोक्यात शिरलं.

डोंगर मला सापडला तो वैरागच्या पुढच्या एका खेड्यात, जमिनीच्या खाली. आमची गाडी तिथे मुक्कामाला असायची आणि सकाळी साडेसहाला सोलापूरला परत निघायची. गावाबाहेर जुनी, खोल, दगडी पायऱ्यांची विहीर होती. ड्रायव्हर उठायच्या आत मी खाकी शर्ट काढून विहिरीत उतरायचो. उतरताना सावकाश, दम खात. पाण्यापाशी पोचलं की वळायचं आणि जीव खाऊन वर पळायचं. असं वीस वेळा. आत दुसरं कुणी नसायचं. माझाच श्वास भिंतींवरून परत यायचा आणि वाटायचं, मागून कुणीतरी पळत येतंय. तेवढीच सोबत.

शेळ्या घेऊन जाणारी एक म्हातारी काठावर थबकायची. "आरं कंडक्टर, रोज काय हरवतंय तुजं हितं? घावंना व्हय?"

"घावंल की, आजी."

"लई खोल गेलं आसंल," म्हणायची आणि शेळ्या हाकायची.

ते बहात्तरचं साल. पाऊस झालाच नाही. विहिरीचं पाणी खाली जाऊ लागलं आणि बुडालेल्या पायऱ्या एकेक करून उघड्या पडू लागल्या. गावाचं पाणी आटत होतं आणि माझा डोंगर वाढत होता. याची लाज वाटायची. पण नवी पायरी दिसली की आनंदही व्हायचा, हे कशाला लपवू? एकदा शेवाळावरून पाय सरकला, घोटा सुजला आणि तीन आठवडे मी गाडीतल्या दांड्याला लटकत तिकिटं दिली. घरी सांगितलं, गाडीतून उतरताना मुरगळला.

बायकोला विहिरीचं माहीत नव्हतं. मुक्कामाची ड्यूटी माझ्या माथी मारली आहे, असंच तिला वाटायचं. खरं तर ती कुणालाच नको असायची. मी मागून घेतली होती. बायको अक्कलकोटकडची, भरल्या घरात वाढलेली. मी नसलो की दाराला आतून पाटा टेकवून, पोरीला कुशीत घेऊन झोपायची. पोरीने पहिलं पाऊल टाकलं ते तिने एकटीने पाहिलं. मग एक दिवस ड्रायव्हरच्या बायकोने नळावर तिला सगळं सांगून टाकलं.

एरवी राग आला की ती कानडीत सुरू व्हायची, आणि मला कळत नाही याचा मला आधार असायचा. त्या दिवशी मराठीत बोलली, तेही हळू. "तुमी मागून घेतली? मी हितं जीव मुठीत धरून बसते, आन् तुमी मागून घेतली?"



दोन दिवसांनी तिनेच तोड काढली. "एक डाव ती शर्यत पळा. पयल्या तिगांत आलात तर मी पुन्ना तोंड उघडणार न्हाय. न्हाय आलात तर दिवसाची ड्यूटी घ्यायची."

मी लगेच कबूल झालो. जिंकणारच होतो ना!

शर्यतीला मी एकटाच गेलो. बाकीच्या पोरांचे भाऊ, मामा पाण्याचे तांबे घेऊन वाटेत जागोजागी उभे होते. माझं नाव घेऊन ओरडणारं कुणी नव्हतं. तरी चढावर मी एकेकाला मागे टाकलं. देवळाच्या पायरीला सगळ्यांच्या आधी हात लावला. पुजाऱ्याने विचारलं, "कुठलं गाव?" सोलापूर म्हटल्यावर तो हसला. त्याला ती थाप वाटली.

मग वळलो, आणि उतार सुरू झाला. इतके महिने उतरणं म्हणजे मी विसावा समजलो होतो. चढून थकलेल्या पायांनी पळत उतरणं हे वेगळंच काम आहे. सांगणारं कुणी भेटलं नव्हतं, आणि विचारावं असं मलाही सुचलं नव्हतं. मांड्या लटपटू लागल्या, गुडघे ऐकेनात. त्या भागातली पोरं एका दगडावरून दुसऱ्यावर उड्या टाकत शेजारून निघून गेली. दोनदा पडलो. शेवटचा टप्पा हात टेकत, बसत उतरलो. कितवा आलो ते विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. दार उघडल्याबरोबर तिची नजर फुटलेल्या गुडघ्यांवर गेली.

"नाही जमलं," मी म्हटलं.

तिने पाणी तापवलं, हळद घातली आणि माझ्यापुढे बसून गुडघा शेकू लागली. मान खाली होती, तरी मला दिसलं. ती हसत होती. ओठ दाबून धरले होते, पण आवरत नव्हतं. मी हरल्याचा एवढा आनंद झालेलं जगात ते एकच माणूस होतं, आणि माझं म्हणावं असंही तेच. मला राग यायला हवा होता. आला नाही. नुसतं फार एकटं वाटलं.

"उद्याच अर्ज देतो," मी म्हटलं.

"द्या," ती म्हणाली आणि दुसरा गुडघा पुढे ओढला.